अनुभव धागा: जुन्या मदरबोर्डावर ओव्हरक्लॉकिंग आणि इंदूरची दुपार

परवा भाच्याचा फोन आला, अगदी रडवेला. त्याने जुन्या मशीनचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला, रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरला ताण देऊन तपासणारा प्रोग्राम) चालवलं, एकही चूक आली नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता मशीन काम करता करता बंद. "मामा, प्रोसेसर गेला वाटतं." गेला नव्हता, तापला होता. मे महिन्यात आपल्याकडे दुपार ४१-४२ अंशांची आणि पहाट पंचविशीची. खोली जेवढी तापते, साधारण तेवढंच कॅबिनेटच्या आतलं सगळं वर सरकतं. रात्री ६५ अंशांवर असलेला प्रोसेसर दुपारी ८० च्या घरात जातो. माळव्याच्या रात्रींचं कौतुक आपण सगळेच करतो, पण या कामात ती रात्रच फसवते.

म्हणून हा धागा. जुना बोर्ड, त्यावर काय चढवलं, कुठे अडलं, आकड्यांसकट लिहा, वर आपल्या मोहल्ल्याचं नाव टाकून. बिघडलेले अनुभव आवर्जून लिहा, पुढच्याचा बोर्ड वाचेल.

सुरुवात मी करतो. ई२१६०, जी३१ चिपसेटचा साधा बोर्ड, डीडीआर२ ६६७ च्या दोन स्टिक. प्रोसेसर १.८ गिगाहर्ट्झचा, म्हणजे बस (बोर्डाचा मूळ वेग) २०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ९, दोन्हींचा गुणाकार तो वेग. गुणक वर जात नाही, त्यामुळे बसच वाढवायची. पण बस वाढली की रॅमही त्याच पटीत पळायला लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकदम २४० केलं. रॅम थेट ८०० वर गेली असणार. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, डिस्प्ले काही येत नाही. सेल काढून, जंपर लावून बायोस (बोर्डाच्या सेटिंग्ज) मूळपदावर आणलं. मग आधी रॅम ५३३ वर उतरवली आणि बस पाच-पाचने चढवली. २५० ला प्रोसेसर २.२५ वर आणि रॅम बरोबर ६६७ वर, तिच्या हक्काच्या जागी. तिथेच थांबलो. २६६ लाही विंडोज सुरू होतं, पण मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणारा प्रोग्राम) चुकांच्या लाल ओळी येतात. लाल ओळ एक जरी दिसली तरी त्या मशीनवर घरचे फोटो ठेवू नयेत, या मतावर मी ठाम आहे.

रामबाग

माझा अनुभव २००१ चा, तेव्हा मी पंचविशीत होतो. ड्युरॉन ६०० प्रोसेसर घेतला होता. त्या चिपच्या वरच्या बाजूला एल१ नावाचे बारीक पूल असत, मधोमध तोडलेले. ते मऊ पेन्सिलीने जोडले की गुणकाचं कुलूप उघडायचं, कारण शिशातलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. आईचं वाती करताना वापरायचं भिंग घेतलं, २बी पेन्सिलीला ब्लेडने टोक काढलं आणि श्वास रोखून एकेक पूल जोडला. दोन पूल एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, एवढीच खबरदारी. गुणक ६ चा ८ झाला, ६०० चे ८०० झाले. त्या संध्याकाळचा आनंद अजून आठवतो.

नुकसान झालं ते सहा महिन्यांनी, धूळ साफ करताना. हीटसिंकची (प्रोसेसरची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) क्लिप फार कडक होती. स्क्रूड्रायव्हरने दाबताना हात सटकला आणि सॉकेटशेजारी बोर्डावर खर्रकन ओरखडा गेला. तीन बारीक रेषा तुटल्या. बोर्ड संपला, प्रोसेसर मात्र दुसऱ्या बोर्डावर पुढे चार वर्षं ८०० वरच चालला. तेव्हापासून मी क्लिप काढताना खाली जाड पुठ्ठा सरकवतो.

सुदामानगर

मी लग्नाचे अल्बम डिझाइन करते. क्यू६६०० प्रोसेसर होता, २.४ चा, बस २६६ वरून ३३३ केली की सरळ ३.० मिळायचे. एका दिवाणजींसारख्या शांत मेकॅनिककाकांनी करून दिलं होतं, व्होल्टेज १.४ ठेवून. दोन लगीनसराया उत्तम गेल्या. तिसऱ्या वर्षी मशीन सकाळी एका झटक्यात सुरू होईना. दोन-तीनदा बटण दाबायचं, मग चालू. महिनाभर मी तेच करत राहिले, कारण काम अडत नव्हतं. एक दिवस जळकट वास आला म्हणून कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा उघडला. प्रोसेसरजवळचे चार कपॅसिटर (वीज सुरळीत ठेवणाऱ्या छोट्या डब्या) वरून फुगलेले, टम्म फुगलेल्या पुरीसारखे. एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट थर साचलेला. आणि एसएमपीएसकडून (वीजपुरवठ्याचा डबा) येणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरचं पांढरं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात चहाच्या रंगाचं झालं होतं.

काकांनी कपॅसिटर बदलले. तेवढ्याच व्होल्टचे आणि मायक्रोफॅरडचे, पण १०५ अंशांपर्यंत टिकणारे. कनेक्टरही नवा लावला. मशीन अजून चालतं, २.४ वरच. सकाळी दोनदा बटण दाबावं लागणं हीच खूण होती, ती मी ओळखली नाही याचं वाईट वाटतं.

(धागाकर्ता)

ताई, तुमच्या आकड्यांवरून थोडा हिशोब मांडतो, तो सगळ्यांच्या कामाचा आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. २.४ वरून ३.० म्हणजे सव्वापट. मूळ व्होल्टेज १.२५ धरलं, तर १.४ म्हणजे वर्ग केल्यावर आणखी सव्वापट. दोन्ही मिळून दीडपटीहून जास्त. ९५ वॉटचा प्रोसेसर दीडशेच्या आसपास गेला, आणि ही सगळी वीज प्रोसेसरशेजारच्या मॉस्फेट (प्रोसेसरला वीज पुरवणारे छोटे स्विच) आणि कपॅसिटरांतून जाते. स्वस्त जुन्या बोर्डांत त्या मॉस्फेटवर हीटसिंकच नसतो. आपण प्रोसेसरचं तापमान बघत बसतो आणि तापत असतो बोर्ड. व्होल्टेज न वाढवता जेवढं मिळेल तेवढंच घ्यावं, असं माझं मत होत चाललं आहे.

लोकमान्यनगर

दुसऱ्या पिढीचा आय५, एच६१ चा बोर्ड. प्रोसेसरच्या नावात शेवटी 'के' नाही, म्हणजे गुणकाला कुलूप. बेस क्लॉक, म्हणजे बोर्डाचं मूळ घड्याळ, १०० चा १०६ केला तर हार्ड डिस्कच दिसेनाशी झाली. नंतर वाचून कळलं की त्या पिढीपासून पीसीआय एक्स्प्रेस (कार्डांची जोडणी), साटा (डिस्कची जोडणी), सगळं त्याच एका घड्याळावर चालतं, त्यामुळे दोन-चार टक्क्यांपलीकडे जाता येत नाही. आणि 'के' असता तरी एच६१ वर गुणक वाढत नाही. शेवटी सिल्व्हर मॉलमधून एसएसडी आणली, रॅमची दुसरी स्टिक लावली. वेगातला फरक आईलाही जाणवला.

राजेंद्रनगर

फिनॉम दोन, एक्स२ ५५० प्रोसेसर. कंपनीने बंद ठेवलेले दोन कोर बायोसमधून उघडून पाहिले. तिसरा चालला, चौथा उघडला की ब्लू स्क्रीन. तीन कोरांवर पाच वर्षं काढली. कोर उघडल्यावर त्यांचं तापमान दिसणं बंद होतं, म्हणून हीटसिंकच्या बुडाला बोट लावून बघायची सवय लागली.

पुन्हा सुदामानगर

भाच्याला सांगा, कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नको. आमच्याकडे मागचा पंखा भिंतीपासून चार बोटं होता. एक वीत केल्यावर सहा अंश कमी झाले.

(भाचा)

मामा, काका, ताई, सगळं वाचलं. माझाही ई२१६० च आहे. मी २६६ वर होतो, व्होल्टेजही वाढवलं होतं आणि मेमटेस्ट लावलंच नव्हतं. आता व्होल्टेज मूळ केलंय, बस २५०, रॅम ६६७. कपॅसिटर बॅटरी मारून पाहिले, सगळे सपाट आहेत. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. रविवारी दुपारी दोनला खोलीतला कूलर बंद करून प्राइम९५ लावतो, चारपर्यंत चालवतो. आकडे संध्याकाळी इथेच टाकतो.