ऑक्टाव्हिया आरएस: फ्युएल प्रेशर रेग्युलेटर घरी बदलणं जमेल का?

शेळगीचा फिटर
नमस्कार मंडळी. माझी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो. मी यंत्रमागावर फिटर, त्यामुळे पाना-पक्कड हातातलीच. पण गाडीत आजवर ऑइल आणि एअर फिल्टर एवढंच स्वतः बदललंय.

महिना झाला, गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल मारला की पटकन उचलत नाही. उचलली की काळा धूर आणि पेट्रोलचा वास. अ‍ॅव्हरेज १० वरून ७ वर आलंय. एका गॅरेजमध्ये प्लग आणि कॉइल बदलले, फरक शून्य. आता म्हणतात फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग, गेलाय. पुन्हा अंदाजावर पैसे घालायची ताकद नाही. मला हे जमेल का? पेट्रोलची लाइन उघडायची म्हटलं की धाकधूक होते.

विजापूररोडकर
जमेल मालक. पण पार्ट मागवायच्या आधी गाडी थोडा वेळ आयडलवर ठेवून बंद करा. इंजेक्टरना पेट्रोल पोचवणारी जाड नळी म्हणजे फ्युएल रेल, तिच्या टोकाला डबीसारखा रेग्युलेटर आहे, त्यावरची बारीक व्हॅक्युम नळी ओढून काढा आणि तिच्या तोंडाचा वास घ्या. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटलाय. त्यातून पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये (इंजिनच्या हवेच्या वाटेत) ओढलं जातं, काळा धूर त्याचाच. नळी कोरडी निघाली तर दाब मोजायचा गेज लावल्याशिवाय काही बदलू नका.

जुन्या रेग्युलेटरच्या अंगावर दाबाचा आकडा असतो, ३ किंवा ४ बार. तोच आणा. ४ चा लावला की पिकअप वाढतो असं कुणी म्हणेल, ऐकू नका. ३ च्या जागी ४ लावला तर त्याच इंजेक्टरमधून साधारण १५ टक्के जास्त पेट्रोल जातं आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, हिशोब बिघडतो.

काम पहाटे करा. इंजिन रात्रभर थंड झालेलं, गाडी उघड्यावर, शेजारचा बंब पेटायच्या आधी. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पेट्रोल उघडायचंच नाही. पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा, ती आपोआप बंद पडेल. दोन-तीनदा सेल मारा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरी रेलमध्ये थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून खाली जुना टॉवेल आणि डोळ्यांवर गॉगल हवाच.

रेग्युलेटर धरून ठेवणारी क्लिप काढण्याआधी तिला दोरा बांधा, खाली पडली की अर्धा दिवस गेला. रेग्युलेटर डावी-उजवीकडे फिरवत ओढा. मग त्याच्या ओ-रिंग (गळती रोखणाऱ्या रबरी रिंगा) मोजा, दोन्ही बाहेर आल्या पाहिजेत. धाकटी बरेचदा आतच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसली की गळती ठरलेली. नव्या रिंगा व्हायटॉन रबराच्याच घ्या, आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलला त्याच टिकतात. बोटाने थेंबभर स्वच्छ ऑइल लावून सरळ दाबा.

फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर लगेच सेल मारू नका. चावी तीन-चारदा नुसती ऑन-ऑफ करा, जोडाभोवती कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर पुन्हा उघडा.

जुना पुणे नाका
दोन गोष्टी राहिल्या. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा आला तर ऑइल पातळ झालंय, ते बदलल्याशिवाय टर्बोला जोर देऊ नका. आणि ती व्हॅक्युम नळी चिरलेली असेल तर नवी टाका. टर्बो गाडीत बूस्टही (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तिच्यातूनच रेग्युलेटरला कळतो. बूस्टमध्ये ती निसटली तर नेमकं जास्त पेट्रोल लागतं तेव्हा कमी मिळतं, आणि पिस्टन जळतात.

शेळगीचा फिटर
दादांनो, नळी ओली निघाली. अंगावर ३ बार लिहिलं होतं, तोच मागवला. रविवारी सहाला सुरुवात केली, साडेसातला हात धुतले. धाकटी ओ-रिंग खरंच आत राहिली होती, लाकडी टूथपिकने काढली. तुम्ही लिहिलं नसतं तर मला दिसलीच नसती. डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता, त्यामुळे ऑइल आणि फिल्टरही बदलले, नळी नवी टाकली. काल भर दुपारी सात रस्त्याला गाडी बंद केली, चहा घेतला, चावी फिरवली. लगेच उचलली, धूर नाही.