मदत हवी आहे: कोर्सनंतर मुलांची चिकाटी कमी झाली!

खडूफळा: ३० तासांचा व्यक्तिमत्त्व विकासाचा कोर्स घेतला. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली. नंतरचे गुण कमी आलेत! सोमवारी अहवाल द्यायचाय. काय लिहू? लवकर सांगा.

आकडेमोड: कुठली प्रश्नावली? किती मुलं? नावानिशी?

निवृत्त_मास्तर: कागदावर चारित्र्य कळत नसतं. एनएसएसला घाला. वर्षाला १२० तास, वर सात दिवसांचं शिबिर. बंधाऱ्याला दगड वाहताना कोण टिकतं ते लख्ख दिसतं.

बीकॉम_पास: मास्तर, आमच्या शिबिरात अर्धी पोरं सावलीत पोहे हाणत होती. डायरीत मात्र सगळ्यांचे १२० भरले.

निवृत्त_मास्तर: तो तुमच्या सरांचा दोष.

खडूफळा: मानसशास्त्रज्ञ डकवर्थबाईंची, ग्रिट म्हणजे चिकाटी मोजणारी, १२ प्रश्नांची. मराठी मीच केलं. ४१ मुलं. नावं घेतली, नाहीतर जोड्या कशा लावणार? दुसऱ्या वेळचे गुण इंटर्नलला धरणार हे मुलांना सांगितलंय.

आकडेमोड: हे आता सांगताय? इंटर्नलला धरू नका, पुढच्या खेपेला सगळे गुण वाढतील अशीच खूण करतील. खुद्द डकवर्थ आणि त्यांचे सहसंशोधक येगर यांनी २०१५ साली बजावलंय की असे गुण संस्थांचा हिशेब मागायला वापरू नयेत. मुलगा स्वतःला कोणाशी ताडून बघतो त्यावर उत्तर ठरतं. आधी बाकावरच्या टवाळ्याशी ताडलं, कोर्सनंतर मेहनत कशाला म्हणतात ते कळलं. मुलगा तोच, पट्टी बदलली.

निवृत्त_मास्तर: म्हणजे शिबिरच बरं.

आकडेमोड: शिबिरात राबणारा परीक्षेत कॉपी करणार नाही कशावरून? हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ मध्येच दाखवलंय, एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसरीकडेही तसंच वागेल याची खात्री नाही. बाय द वे खडूफळा, १२ पैकी ६ प्रश्न चिकाटीच्या उलट बाजूचे असतात, त्यांचे गुण उलटे धरायचे असतात, म्हणजे ५ ला १. धरलेत ना?

काजूकतली: हा कोर्स ऑनलाइन आहे का? सर्टिफिकेट मिळतं? मुलगी एसवायला आहे.

खडूफळा: उलटे? पहिल्या वेळी मी धरले होते. दुसऱ्या वेळी एक्सेल ऑफिसात भरलं. थांबा, बघतो.

खडूफळा: नव्हते धरले. आता उलटवले. तरी थोडे कमीच आहेत.

आकडेमोड: मग तसंच लिहा. आणि भाषांतर इथे टाका, तेही बघू.