मदत हवी आहे: "दादाचे चार फुटले, माझं एकच!"

मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा नऊचा. रविवारी पाहुणे आले होते. आजीला मदत म्हणून दादा ट्रे घेऊन येत होता, उंबऱ्याला ठेच लागली आणि चार कप गेले. संध्याकाळी बाईसाहेबांनी गुपचूप लाडू काढताना बरणीचं झाकण फोडलं. विचारलं, कोणाची चूक मोठी? ठाम उत्तर, "दादाची!"

डी.एड.ला पियाजे (मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारा स्विस मानसशास्त्रज्ञ) वाचला होता (परीक्षेपुरताच, खरं सांगायचं तर). त्याची गोष्ट जवळपास हीच. एका मुलाकडून चुकून १५ कप फुटतात, दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एक. लहान मुलं नुकसान मोजतात, सात-आठच्या पुढे हेतू बघू लागतात, असं तो म्हणतो. पण नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं की हेतू स्पष्ट करून सांगितला तर चार-पाच वर्षांची मुलंही तो लक्षात घेतात.

मग मी थांबू की समजावू? सासूबाई म्हणतात, "दोन धपाटे घाल, कळेल." त्याने ती फक्त लपवायला शिकेल, असं मला वाटतं. "दादा काय करायला निघाला होता?" असं विचारलं तर म्हणते, "कप फोडायला!" या वयाच्या मुलांशी तुम्ही नेमकं काय बोलता? आणि दादा रुसलाय, त्याचं काय करू?