पन्नास मेरिलिन, पण सारख्या दोन नाहीत

'एकच चेहरा ५० वेळा छापला, यात चित्रकाराचा हात कुठे?' या प्रश्नाचं उत्तर स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीत आहे. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीतून शाई खाली दाबायची, की चित्राचा ठसा उमटतो. ही चौकट म्हणजे स्क्रीन. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९६२च्या 'मेरिलिन डिप्टिक' या जोडचित्रात अभिनेत्री मेरिलिन मन्रोचे डावीकडे २५ चेहरे रंगीत, उजवीकडे २५ काळे. काळ्यांतले काही बरबटलेले, काही जवळजवळ पुसलेले. शाई जास्त झाली की ती जाळीखाली पसरून बारीक ठिपके बुजवते. कमी पडली किंवा जाळीतच वाळली की ठसा विरळ येतो. लग्नपत्रिका छापणारा असा ठसा रद्दीत टाकेल. वॉरहॉलने ठेवला. निवड आहे ती इथे.

(वॉरहॉलची सूपच्या डब्यांची ३२ चित्रं, तीही १९६२चीच, मुख्यतः हाताने रंगवलेली आहेत, दोन्हींची सर्रास गल्लत होते.)

ठाण्यात टी-शर्ट छापणारं कोणी ओळखीचं असेल तर एक जुनी स्क्रीन मागून घ्या. कागद आणि जाळीत २-३ मिमी अंतर, स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) थोडी तिरकी, शाई एकदाच घाला आणि सलग सहा ठसे काढा, म्हणजे ठशाठशांतला फरक दिसेल. पाण्याची शाई आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये फार पटकन वाळते, तेव्हा जाळी लगेच धुवा. नाहीतर स्क्रीन गेलीच म्हणून समजा.