सिल्की कोंबड्या आणून पाच आठवडे झाले. दोन अंड्यांनंतर खोकी रिकामीच

माडाखालची · २८ ऑक्टोबर

नमस्कार. आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. घरी आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा पूर्वीपासून आहेत, त्यामुळे कोंबड्या पाळणे नवे नाही. परंतु सिल्की जात मी प्रथमच हाताळत आहे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाटावरच्या एका विक्रेत्याकडून पाच पांढऱ्या सिल्की माद्या आणल्या. त्या आठ ते नऊ महिन्यांच्या असून अंड्यावर आलेल्या आहेत, असे त्याने सांगितले होते. टेम्पोतून सात तासांचा प्रवास झाला. पहिल्या चार दिवसांत दोन अंडी मिळाली, फिकट बदामी रंगाची आणि गावठी अंड्याहून लहान. त्यानंतर आजतागायत एकही मिळालेले नाही.

आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांना गावठी कोंबड्यांच्या खुराड्यात सोडले. तेथे जमिनीपासून तीन फुटांवर बसण्याच्या दांड्या आहेत. गावठी कोंबड्या सवयीने वर चढतात. या मात्र खालच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून ढीग करून झोपतात आणि सकाळी त्यांच्या पाठी वरून पडलेल्या विष्ठेने भरलेल्या असतात. अंड्यांची खोकी भिंतीला दीड फूट उंचीवर आहेत. खाण्यास तांदळाची कणी, कोंडा आणि घरात उरलेले अन्न देते; पाणी पसरट पातेल्यात ठेवते. पाणी पिताना त्यांच्या डोक्यावरचा झुपका भिजतो आणि दिवसभर ओलाच राहतो. गावठी कोंबड्या त्या झुपक्यावर चोची मारतात.

तुरा लालबुंद झाला की कोंबडी अंड्यावर आली, ही आमच्याकडची खूण. पण यांचे तुरे काळपट जांभळेच आहेत, त्यामुळे काहीच अंदाज येत नाही. पाचातली एक इतरांहून थोडी उंच असून तिच्या झुपक्यातील काही पिसे मागे लांब लोंबतात. माझे नेमके काय चुकत आहे आणि अंडी पुन्हा सुरू होण्यास किती काळ लागावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीपलीकडचा · २८ ऑक्टोबर

ताई, मी सहा वर्षांपासून सिल्की पाळतो. आधी त्या दोन अंड्यांविषयी सांगतो, कारण मीही पहिल्या वर्षी त्यांच्यावरच फसलो होतो. कोंबडीच्या पोटातील बलक शेवटच्या आठ-दहा दिवसांत झपाट्याने वाढून पक्व होतो आणि त्यानंतर पांढरा भाग व कवच चढून अंडे बाहेर येण्यास सुमारे एक दिवस लागतो. म्हणजे आपल्याला मिळालेली दोन अंडी आपल्या घरच्या कणीवर तयार झालेलीच नव्हती. ती माहेरची शिदोरी होती. प्रवासाचा धसका, अनोळखी जागा, चोचींचा मार आणि कमी झालेले खाणेपिणे यांमुळे मागून येणारे बलक शरीराने परत शोषून घेतले असणार. असा खंड चार-सहा आठवडे सहज टिकतो. मार चालूच राहिला तर अधिक.

माझ्या मते अंड्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवावा आणि या पक्ष्याला दिसते किती, ते आधी पाहावे. एक सिल्की हातात घेऊन तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून समोर पाहा. झुपका दाट असेल तर तिला वरचे आणि बाजूचे जवळजवळ काहीच दिसत नाही. चोच कोठून आली हे न कळल्यामुळे ती पळत नाही, जागीच दबते, आणि गावठी कोंबड्यांना नेमके तेच हवे असते. बोथट टोकांच्या लहान कात्रीने डोळ्यांभोवतीची पिसे बोटभर कापून टाका. मी पहिल्यांदा कापली तेव्हा ती कोंबडी दोन-तीन मिनिटे नुसती मान फिरवून अंगण पाहत उभी राहिली आणि मग सरळ खाद्याच्या भांड्याकडे चालत गेली. एरवी ती इतरांच्या मागोमाग जात असे. काही सिल्कींच्या टाळूवर टेंगळासारखा उंचवटा असतो व तेथे कवटीचे हाड पूर्ण जुळलेले नसते. अशा ठिकाणी बसलेली एक चोच जिवावर बेतू शकते. म्हणून गावठी कोंबड्यांपासून त्यांना आजच वेगळे करावे.

त्यांच्या पिसांना एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे नसतात, त्यामुळे पिसे लोकरीसारखी मोकळी राहतात, अंगावर पाणी ठरते आणि उडताही येत नाही. तीन फुटांवरची दांडी त्यांच्यासाठी नाहीच. जमिनीवर चार बोटे जाडीचा कोरड्या भाताच्या तुसाचा थर घाला. अंड्यांसाठी बांबूची उथळ टोपली किंवा आडवे पाडलेले खोके जमिनीलगत, काळोख्या कोपऱ्यात ठेवा. पातेले काढून उलट्या बरणीचे, अरुंद काठाचे ड्रिंकर एका विटेवर ठेवा. रात्री ढीग करून झोपणे हा त्यांचा स्वभावच आहे. त्याची चिंता नको.

आणि ती उंच मादी मादी नसावी. सिल्कीत नर-मादी पाच-सहा महिन्यांपर्यंत भल्याभल्यांना ओळखता येत नाहीत. मागे लोंबणारी लांब पिसे बहुधा नराच्या झुपक्यात असतात.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक · २९ ऑक्टोबर

वरील सल्ल्याशी सहमत आहे. परंतु नवे पक्षी दुसऱ्याच दिवशी जुन्यांत सोडले, हे मला सर्वाधिक खटकले. असे पक्षी किमान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांसह ठेवावेत आणि जुन्या कोंबड्यांचे सर्व काम उरकल्यावरच त्यांच्याकडे जावे. आता मिसळण झालेलीच आहे. तेव्हा दोन्ही गटांतील विष्ठा, श्वासाचा आवाज आणि चाल यांकडे लक्ष ठेवा. मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसी, म्हणजे लासोटा आणि नंतर आर टू बी, दिल्या होत्या का हे विक्रेत्यास विचारा. मॅरेक्स या कोंबड्यांना लुळे करणाऱ्या विषाणूजन्य रोगास ही जात विशेष बळी पडते. त्याची लस अंड्यातून पिल्लू बाहेर पडल्याच्या पहिल्या दिवशीच टोचतात आणि रोग झाल्यावर उपचार नाही. एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पक्षी लंगडू लागला, तर त्यास ताबडतोब बाजूला करून पशुवैद्यकांना दाखवावे.

सिल्कीच्या कातडीप्रमाणे तुराही काळसर असल्यामुळे लाल तुऱ्याची खूण येथे उपयोगाची नाही. त्याऐवजी कोंबडी काखेत धरून गुदद्वाराच्या दोन बाजूंची टोकदार हाडे चाचपावीत. त्यांच्यामध्ये आपली दोन बोटे आडवी सहज मावत असतील आणि गुदद्वार रुंद व ओलसर असेल, तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावत असेल आणि गुदद्वार आखडलेले, कोरडे असेल, तर अंडी बंद आहेत. याच वेळी शेपटीखालची पिसे फाकवून उवा आणि पिसांच्या मुळाशी चिकटलेले त्यांच्या अंड्यांचे पुंजके पाहा. सिल्कीच्या दाट पिसांत उवा माजल्या तरी वरून समजत नाहीत. एका पाटीत कोरडी माती आणि चुलीची चाळलेली राख मिसळून ठेवावी; कोंबड्या त्यात स्वतःच लोळतील.

आहाराबाबत स्पष्टच सांगतो. कणीत प्रथिने जेमतेम सात-आठ टक्के असतात. अंड्यावरच्या कोंबडीस सोळा टक्क्यांच्या आसपास लागतात. गावठी कोंबडी ही तूट उकिरड्यावरचे किडे आणि वाळवी वेचून भरून काढते. आपल्या सिल्की मात्र कोपऱ्यात बसून असतात, म्हणजे पोट भरते आणि अंड्याला काही उरत नाही. लेअर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठीचे तयार खाद्य, हाच मुख्य आहार ठेवावा, आणि बदल आठ दिवसांत हळूहळू करावा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत द्यावा. ज्या कोंबडीला गरज असेल ती तो स्वतः टिपते. कोकणात शिंपल्यांना तोटा नाही, फक्त त्या धुऊन मीठ काढून घ्याव्यात.

शेवटी उजेड. कोंबडीस अंड्यासाठी साधारण चौदा तास उजेड लागतो, आणि आपल्याकडे डिसेंबरात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो. पहाटे चार वाजता लहान पिवळा दिवा लावून उजाडल्यावर बंद करावा. तो संध्याकाळी लावू नये, कारण अचानक अंधार झाला की पक्षी आपल्या जागी पोहोचण्यापूर्वीच अडकतात.

ओसरी · २९ ऑक्टोबर

दिव्याविषयी थोडा मतभेद नोंदवते. व्यवसायासाठी पाळणाऱ्यांचे गणित निराळे आहे. परंतु ज्या पक्ष्यांचे वजन घटले असेल आणि ज्यांच्या डोक्यावर चोचींच्या जखमा असतील, त्यांना दिव्याने अंड्यास लावणे मला योग्य वाटत नाही. आधी त्यांना अंग धरू द्यावे. खुराड्यात पांढरी लव पुष्कळ पडत असेल, तर त्या पीस टाकत असण्याचीही शक्यता आहे. त्या काळात, म्हणजे सुमारे दोन-तीन महिने, अंडी थांबतातच. आणि तसे असेल तर त्यांचे वय नऊ महिन्यांहून बरेच अधिक असावे. विक्रेत्यांचे नऊ महिने फार लवचीक असतात.

शिवाय सिल्कीकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी म्हणजे पुष्कळ झाली, आणि तीही सलग नव्हे. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते.

माडाखालची · २० डिसेंबर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर देण्यास उशीर झाला, कारण काहीतरी घडल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

जुन्या गोठ्याच्या एका भागास जाळी मारून सिल्कींना त्याच आठवड्यात वेगळे केले. डोळ्यांवरची पिसे कापताना दोघींच्या टाळूवर सुकलेल्या रक्ताच्या खपल्या आढळल्या. झुपक्यामुळे त्या मला इतके दिवस दिसल्याच नव्हत्या. हाडांमधील अंतर तपासले, तेव्हा पाचही जणींत एकच बोट मावत होते. उवा तिघींना होत्या. राखेच्या पाटीने आणि पशुवैद्यकांनी दिलेल्या भुकटीने त्या गेल्या. लेअर खाद्य सुरुवातीला त्यांनी पायाने उधळून दिले, म्हणून ते कोमट पाण्यात घट्ट भिजवून दिले, आणि मग भांडी चाटूनपुसून साफ होऊ लागली. दिवा मी लावला नाही.

वेगळे केल्यानंतर दोन आठवड्यांनी उंच 'मादीने' पहाटे फुटक्या पिपाणीसारखा आवाज काढला. गावठी कोंबड्याच्या धाकामुळे तो बिचारा इतके दिवस गप्प बसला होता. तेव्हा माद्या चारच.

पहिले अंडे ६ डिसेंबरला मिळाले, तेही टोपलीत नव्हे, तर कोंड्याच्या पोत्यामागे. ते टोपलीत ठेवून दिले. दुसऱ्याच दिवशी त्याच्याशेजारी आणखी एक अंडे होते. आता दोघी अंडी देत आहेत, तिसरीच्या हाडांमध्ये दोन बोटे मावू लागली आहेत. चौथीची मात्र वेगळीच तऱ्हा आहे. तिने स्वतः एकही अंडे घातल्याचे मी पाहिलेले नाही, तरी चार दिवसांपासून ती दुसरीच्या अंड्यांवर पसरून बसली आहे आणि हात जवळ नेला की पिसे फुलवून गुरगुरते. तिला उठवावे की बसू द्यावे?

खाडीपलीकडचा · २० डिसेंबर

बसू द्या, ताई. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, सिल्कीसारखी कोंबडी नाही. तिच्याखालची अंडी काढून घेऊन रात्रीच्या अंधारात गावठी कोंबड्यांची ताजी सहा अंडी सरकवा. किलोभर वजनाच्या या जिवाला त्याहून अधिक झाकता येत नाहीत. टोपली बाकीच्यांपासून आडोशाला न्या, नाहीतर त्या रोज येऊन त्यात भर घालतील. दिवसातून एकदा तिला उचलून खाण्यापाण्यास सोडा, स्वतःहून ती उठत नाही. एकविसाव्या दिवसाच्या आधी तिच्या पोटाखालची लांब लव कातरून ठेवा. ओली पिल्ले त्या लवेत गुंततात आणि मानेला पीळ बसतो; माझे एक पिल्लू असेच गेले आहे.