बालमनोविकाराची उन्हाळी फेलोशिप: शिकणं की सीव्हीला फोडणी?

ऐरोली_सेक्टर_आठ (धागाकर्ती)
नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. सायकिअ‍ॅट्रीची पोस्टिंग आली कधी, गेली कधी, कळलं नाही. त्यात लहान मूल एकच पाहिलं, तेही आईच्या ओढणीआडून. विषयाचा वेगळा पेपर नाही, मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न येतो. मग पोस्टिंगच्या वेळी अर्धी बॅच लायब्ररीत.

अमेरिकेतली बालमनोविकारतज्ज्ञांची अकॅडमी तिथल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात बारा आठवड्यांपर्यंतची संशोधन फेलोशिप देते, गाइडसकट. आपल्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही विद्यार्थ्यांसाठीची छोटी संशोधन योजना आहे, १९७९ पासून: दोन महिने, एकूण ५०,००० रुपये. पण ती सगळ्या विषयांना मिळून.

माझं म्हणणं, ठाणे-नवी मुंबईत फक्त बालमनोविकारासाठी वेगळी उन्हाळी फेलोशिप हवी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळले. त्या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हताच. आपली मुलं त्यात मोजलीच गेली नाहीत.

कळवा_स्लो
इंटर्न आहे, एसटीएस केलेली आहे, म्हणून खरं सांगतो. संशोधनाचा आराखडा रात्री दोनला जोडला, गाइडची सही लिफ्टमध्ये घेतली. पैसे रिपोर्ट मंजूर झाल्यावर येतात, तोवर स्वतःच्या खिशातून झेरॉक्स. आणि पीजीला बघतात नीटचा रँक, तुझा पेपर नाही. यूएसएमएलईवाल्यांची, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकीसाठी परीक्षा देणाऱ्यांची, गोष्ट वेगळी. ज्यांना जायचंय ते अर्ज करतील, ज्यांना इथे राहून मुलं तपासायचीत ते क्लास लावतील. वेगळी फेलोशिप म्हणजे जाणाऱ्यांच्या सीव्हीला फोडणी.

ऐरोली_सेक्टर_आठ
दादा, लिफ्टमध्ये सही घेतलीत यात फेलोशिपचा काय दोष?

कळवा_स्लो
बरं, हे मान्य.

कोपरखैरणेची_आई
मी डॉक्टर नाही. मुलगा नऊ वर्षांचा, एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही, सतत चुळबुळ. एका रुग्णालयात आम्ही दर महिन्याला जायचो. तीन महिन्यांत तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांनी माझ्याकडून तोच फॉर्म भरून घेतला. "बेचैन असतो का? कधीकधी, नेहमी, कधीच नाही." तिसऱ्या वेळी पोरगाच म्हणाला, आई, नेहमीवर खूण कर, लवकर सुटू. एकीने त्याच्यादेखत विचारलं, घरी मारता का. मी मारते. दोनदा मारलंय. त्याच्यासमोर काय सांगू? निकाल काय आला ते आजतागायत कोणी कळवलं नाही.

त्यात सासूबाईंचा वेगळाच घोर, "आता नातवाला ठाण्याला नेणार का?" ठाण्याला म्हणजे कुठे, ते इथे सगळ्यांना कळतं. १९०१ सालचं मनोरुग्णालय, पण अजून शिवीसारखं वापरतात. मुलाला तिथवर नेताना आईला किती जड जातं, ते तुमच्या फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?

रात्रपाळी_रेसिडेंट
ताई, तुमच्याशी झालं ते चूकच. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वयाच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची, १२ ते १८ असेल तर लेखी. आईबाबांची सही असते ती वेगळी, शिवाय. व्यवहारात मुलाला पेन्सिल देऊन कोपऱ्यात बसवतात.

धागाकर्तीला एक विचारतो. मुलाने मुलाखतीत सांगितलं की शेजारचे काका त्रास देतात, "त्रास" म्हणजे तू समजलीस तो, तर काय करशील? पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ प्रमाणे असं घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुलाही. न कळवल्यास शिक्षा आहे. त्या क्षणी तुझा अभ्यास बाजूला राहतो आणि समोर एक रडणारं पोर असतं. वीस-एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत हे झेपेल? मला पहिल्या वर्षी झेपलं नव्हतं.

ऐरोली_सेक्टर_आठ
म्हणूनच गाइडसकट हवं म्हणतेय ना. तुम्हाला पहिल्या वर्षी झेपलं नाही, कारण त्याआधी कोणी शिकवलंच नव्हतं.

घोडबंदरचे_बालरोगवाले
बाळ, तुझी तळमळ पटते, कॅलेंडर पटत नाही. मे महिन्यात माझ्या वेटिंग रूममध्ये पंखा एकटा फिरतो. अर्धी मुलं चिपळूण-देवगडला, उरलेली पोहायच्या क्लासला. शाळा बंद म्हणजे तक्रारी बंद. बालमनोविकारात आमच्याकडे येणारी मुलं बहुतेक शाळेने पाठवलेली असतात. एडीएचडीचं निदान करायला लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात, घरी आणि शाळेत. मे महिन्यात शाळेतल्या बाई कुठून आणशील? त्यांच्याशी बोलल्याशिवाय तुझा अभ्यास अर्धाच.

अमेरिकेचा उन्हाळा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या सुट्टीवर बेतलेला आहे. तुम्हाला तेवढी सुट्टी तरी कुठे असते? (आम्हाला होती. ती मी पत्ते खेळण्यात घालवली, पण ते असो.)

खरी गंमत जूनच्या उत्तरार्धात. शाळा सुरू झाली की सोमवारी सकाळी पोट दुखणारी मुलं येतात. सोनोग्राफी नॉर्मल, रविवारी दुखत नव्हतं, शाळेची बस गेली की थांबतं. ज्यांना सुट्टीत काहीच नव्हतं आणि जूनमध्ये सगळं आहे, त्यांचा अभ्यास कर. सुट्टी आणि शाळा अशी दोन्हीकडची नोंद ठेवलीस तर मी स्वतः तुला माझ्याकडच्या मुलांच्या पालकांना विचारू देईन. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन ये, कोरी नको येऊस.

कळवा_स्लो
काका, जून-जुलैत हजेरीचं काय? थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकलला ८०. तिला कोण सोडणार?

ऐरोली_सेक्टर_आठ
शनिवारी. चार महिने, दर शनिवारी तुमच्या दवाखान्यात. मग "उन्हाळी" हा शब्द गेला तरी चालेल. पण स्टायपेंड सोडणार नाही. ऐरोलीहून घोडबंदरला दर शनिवारी रिक्षा परवडत नाही.

रात्रपाळी_रेसिडेंट
हे जास्त पटतं. मुलाला एकदाच पाहून फॉर्म भरणं वेगळं, चार महिन्यांत सहा वेळा पाहणं वेगळं. पण त्यात सॅम्पल शंभरचं होणार नाही, वीसचं होईल. तेव्हा "एवढंच?" विचारणाऱ्या परीक्षकाला काय सांगायचं, ते आत्ताच ठरव.

कोपरखैरणेची_आई
ऐरोलीच्या मुली, शनिवारी आमच्याकडे आलीस तर चहा देईन. निकाल मात्र मराठीत, एका पानात लिहून द्यायचा. आणि आधी त्याला विचार, मला नाही. तो बहुतेक नाहीच म्हणेल. हल्ली सगळ्यालाच नाही म्हणतो.