प्रतिसाद: तुटवडा कॅप्टनचा आहे

एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानं मागवली, म्हणजे वैमानिकांना मरण नाही, मुलाला डोळे झाकून पायलटच्या कोर्सला घाला, असं वर म्हटलंय. अर्धंच पटलं. तुटवडा आहे तो कॅप्टनचा. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं पहिलं लायसन्स, 200 तासांच्या उड्डाणावर मिळतं, कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्सला 1500 तास लागतात, आणि ते तास कोणी नोकरी दिल्याशिवाय भरत नाहीत. म्हणून एकाच वर्षी कंपन्या कॅप्टनची पळवापळवी करतात आणि सीपीएलवाली मुलं घरी बसतात. 2017 पासून डीजीसीएने (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) कॅप्टनला वर्षाचा आणि को-पायलटला सहा महिन्यांचा नोटीस पीरियड लावला, तो याच पळवापळवीमुळे. 2023 मध्ये आकासा ही विमान कंपनी तर नोटीस न पाळता गेलेल्या वैमानिकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली.

माझ्या भाच्याचं सीपीएल झालं आणि लगेच एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली. हजारो तासांचा अनुभव असलेली माणसं बाजारात आल्यावर याला कोण विचारणार? नोकरी नसली तरी लायसन्स जिवंत ठेवावं लागतं. दरवर्षी क्लास वन मेडिकल (व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी), इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (फक्त उपकरणं बघून विमान चालवण्याची) चाचणी, सगळं पदरमोड करून. त्यात ए320चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारच्या विमानाचं खास प्रशिक्षण) स्वतःच्या पैशाने केलेल्यांना आधी बोलावतात, त्याचे लाखो रुपये वेगळे. ताईने त्यासाठी दुसरं कर्ज काढलं. तेव्हा फी भरण्याआधी पोराचं क्लास वन मेडिकल करून घ्या आणि कोर्सनंतरची दोन-तीन वर्षं बिनपगारी काढता येतील का, तो हिशेब आधी मांडा.